गुलमर्ग, कुफ्री आणि कौल

त्या हिवाळ्यात आमच्या घरी संध्याकाळचा चहा झाला की एकच विषय निघायचा: बर्फावर घसरायला गुलमर्गला जायचं की कुफ्रीला. रत्नागिरीत थंडी म्हणजे पहाटे पायांवर ओढायची एक गोधडी. तिथे आम्ही दोघं नवराबायको कागद पसरून बर्फाच्या उतारांची चर्चा करत होतो. दोघं हे आपलं म्हणायचं म्हणून. चर्चा हे करायचे, मी समोर बसलेली असायचे.

कारण आधीच सांगून टाकते. ऐंशीचं दशक मध्यावर आलं होतं. त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, मला सातवा महिना असताना, आमचं मूल पोटातच गेलं. मुलगी होती. मला दवाखान्यातून घरी आणलं, काही आठवड्यांनी मी कचेरीत परत रुजू झाले आणि सगळ्यांना वाटलं, झालं, सावरली. मलाही तसंच वाटलं. मी रडत नव्हते, कुणावर चिडत नव्हते, फायली वेळेत हातावेगळ्या करत होते. फक्त मला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. एका रविवारी मी आमटीत दोनदा मीठ घातलं आणि पानातली सगळी आमटी संपवून उठले. ह्यांनी जेवण झाल्यावर अख्खा तांब्या पाणी प्यायलं, तेव्हा मी विचारलं, "खारट झाली होती का?"

"नाही गं, ठीक होती," हे म्हणाले, आणि दुसरा तांब्या भरायला उठले.

हे हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे. सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात मीही तेच म्हणायचे. माणूस मूळचा बडबड्या. डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं की हिला हवापालट करा. मग नातेवाइकांची सल्लेबाजी सुरू झाली. कुणी म्हणालं वेळणेश्वराला चार दिवस राहा, कुणी म्हणालं आरे-वारेच्या वाळूत नुसती बसवून आण. मास्तर म्हणाले, "समुद्र तिला कचेरीच्या खिडकीतूनही दिसतो. मला तिला अशा ठिकाणी न्यायचंय, जिथे आपल्या ओळखीचं काहीसुद्धा नाही."

मी केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकून होते. चार वर्षांतून एकदा देशात कुठेही जायची प्रवास सवलत आम्हाला असे, आणि माझी त्या मार्चअखेर बुडणार होती. कचेरीतले लोक त्या सवलतीवर कन्याकुमारी करायचे, फार हौशी असला तर दार्जिलिंग. आमच्या मास्तरांनी स्कीइंग काढलं.

हे खूळ शाळेच्या वाचनालयात शिरलं. तिथल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात पायांना लांब पट्ट्या बांधून डोंगर उतरणाऱ्या माणसाचा फोटो होता. मास्तर लहानपणी पोफळीच्या विरीवर बसून बागेच्या उतारावरून घसरायचे. विरी म्हणजे झावळीच्या बुडाशी असणारा तो रुंद गुळगुळीत भाग. आमच्याकडे सगळीच मुलं त्यावर घसरतात, चड्ड्या फाडतात, मार खातात आणि मोठी झाली की विसरतात. हे विसरले नव्हते, एवढाच काय तो फरक.

त्यांनी दोन्हीकडच्या पर्यटन खात्यांना पत्रं लिहिली. महिन्याभरात दोन लिफाफे आले. मास्तरांनी शाळेतून एक मोठा ड्रॉइंग पेपर आणला, जमिनीवर पसरून चारी कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि पत्रकांत जे जे लिहिलं होतं त्यावरून दोन डोंगर काढले. डावीकडे गुलमर्ग, उजवीकडे कुफ्री. दोन्ही डोंगर त्यांनी जन्मात पाहिले नव्हते, पण सावल्या अशा दिल्या होत्या की कुणाला वाटावं हा माणूस दर वर्षी तिथेच असतो.

गुलमर्गचं प्रकरण मोठं होतं. खाली पसरलेलं मैदान, तिथे नवशिक्यांनी शिकायचं. वर जावं तसे चढत जाणारे उतार, ते ज्यांना आधीपासून घसरता येतं त्यांच्यासाठीच. वर न्यायला दोरीवरच्या खुर्च्या. शिकवणारे मास्तर वेगळे, त्यांचा ठरावीक दिवसांचा वर्ग, आणि बर्फ मार्चपर्यंत हमखास. पण पोचायचं कसं? एस.टी.ने मुंबई, तिथून रेल्वेने जम्मू, मग दिवसभर घाटातून बस, श्रीनगरला मुक्काम आणि तिथून पुढे जीप. कुफ्री लहान. शिमल्यातून सकाळी निघावं, तासाभरात पोचावं, घसरावं आणि संध्याकाळी खोलीवर परत यावं. उतार एकच आणि तोही आमच्या शाळेमागच्या घाटीएवढाच असावा असा ह्यांचा अंदाज. खुर्च्यांचा पत्रकात उल्लेख नव्हता, म्हणजे घसरलेलं अंतर पायांनीच परत चढायचं. आणि बर्फाची खात्री नाही. पडला तर पडला.

"ज्याला खरोखर शिकायचंय, वेगाने जायचंय, त्याने गुलमर्गला जावं," मास्तर पेन्सिल हलवत सांगायचे. "ज्याला थोडं घसरायचंय, थोडं बसायचंय, मध्येच उठून चहा प्यायचाय, त्याला कुफ्री बरी."

डोंगरांच्या खाली त्यांनी दोन रकाने आखले होते. एकावर लिहिलं होतं 'माझी आवड', दुसऱ्यावर 'हिची आवड'. स्वतःचा रकाना त्यांनी पहिल्याच दिवशी भरून टाकला: वेग, उंची, वर्ग, खुर्ची. दुसऱ्यापाशी ते रोज पेन्सिल घेऊन थांबायचे.

"तुला कुठलं बरं वाटतं?"

"तुम्हाला आवडेल ते."

"माझं मी लिहिलंय. तुझं विचारतोय."

"दोन्ही चांगली आहेत."

मग ते पेन्सिलीला टोक काढत बसायचे. टोक आधीपासून असायचंच. मी त्यांना मुद्दाम छळत नव्हते, हे आज सांगते, कारण तेव्हा ते मला सांगता येत नव्हतं. मी त्या दोन डोंगरांकडे मनापासून बघायचे. आत कुठेतरी हे हवं, ते नको असं काही उमटेल म्हणून वाट बघायचे. काही उमटायचं नाही. हातपाय झोपून मुंग्याही येत नाहीत असं व्हायचं. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून वाटायचं, खोटंच सांगून टाकावं. पण खोटं सांगायलाही काहीतरी हवंसं वाटावं लागतं.

डिसेंबर संपत आला, सवलतीचा अर्ज करायची मुदत जवळ आली. आमचे हेडक्लार्क शिमल्याला जाऊन आलेले होते. ते म्हणाले, "ताई, कुठेही जा, पण गरम पाणी बघून घ्या." सगळ्या चर्चेतलं तेवढं एक वाक्य मला पटलं.

तेवढ्यात सासूबाई आल्या. त्या पावसच्या वाटेवरच्या आमच्या गावी राहायच्या, आणि महिन्यातून एकदा नारळ-भाजी घेऊन आमच्या खोलीवर यायच्या. त्यांनी जमिनीवरचा कागद पाहिला आणि ह्यांच्याकडून सगळं ऐकून घेतलं.

"देव खंयच्या बाजूला जवळ हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

मास्तर म्हणाले जम्मूहून देवीला जाता येतं, आणि शिमल्याला मारुतीचं देऊळ आहे. त्यामुळे तिथेही बरोबरी झाली.

"मंग गावाला चला नि कौल लावा," सासूबाई म्हणाल्या. "देवाला इचारल्याशिवाय एवढ्या लांब जायचां नाय. ह्या वर्षी तर नायच नाय."

'ह्या वर्षी' म्हणताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मास्तरांचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण रकाना रिकामा होता आणि मुदत संपत होती. ते म्हणाले, "चला. देव तरी काहीतरी सांगेल."

हा टोमणा मला होता. मला तो लागलासुद्धा नाही.

आम्ही रविवारी सकाळच्या एस.टी.ने गावी गेलो. ग्रामदेवतेच्या देवळात आमच्या वाडीतली दहा-पंधरा माणसं जमली होती, कारण मास्तर कौल लावणार ही बातमी आमच्या आधी पोचली होती. कौल म्हणजे गुरव पाण्यात भिजवलेल्या पाकळ्या देवाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे आपलं मागणं देवापुढे मांडतो. उजवी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही.

मास्तरांनी नेमकी इथे चूक केली. ते गुरवाला म्हणाले, "असं करा, डावी पडली तर गुलमर्ग आणि उजवी पडली तर कुफ्री." आपल्या कागदावर काढलं होतं तस्संच.

गुरव हसला. "मास्तर, देव काय तुमचां चित्र बघायला बसलेला नाय. एका टायमाला एक इचारा. हो काय नाय, एवढांच तो सांगतो."

तेव्हा आधी गुलमर्ग. गुरवाने खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, की बा देवा, तुझी लेकरां बर्फाच्या मुलखात घसराया जातायत. त्यावर जमलेल्यांनी न हसता म्हटलं, "व्हय म्हाराजा!" लेकरां पडली झडली तर सांभाळ. "व्हय म्हाराजा!" कुठल्याही दुसऱ्या वर्षी मी तिथे पदर तोंडात कोंबला असता. मी खांबाला टेकून उभी होते. डावी पाकळी पडली.

मग कुफ्री. पुन्हा पाकळ्या, पुन्हा गाऱ्हाणं, पुन्हा व्हय म्हाराजा. पुन्हा डावीच.

देवाने दोन्ही ठिकाणं मोडीत काढली. सासूबाईंनी जोडलेले हात कपाळाला टेकवले आणि म्हणाल्या, "बरां झालां, आधीच कळलां." आणि मला हायसं वाटलं. आता कुणी काही विचारणार नाही, कागद गुंडाळला जाईल, मी कचेरीत जाईन, येईन, आमटी करीन. मी सोडलेला श्वास ह्यांना ऐकू गेला असावा. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. इतके महिने ते समजत होते की मला ठरवता येत नाही. मला काहीच हवंसं वाटत नाही, तिकडे जाणंही नाही आणि घरी परतणंही नाही, हे त्यांना त्या क्षणी कळलं. मला ते त्यांच्या तोंडावर दिसलं.

माणसं चपलांकडे निघाली होती. मास्तर जागचे हलले नाहीत.

"अजून एक विचारायचंय," ते गुरवाला म्हणाले.

"आता आणि खंय जायचां, मास्तर?"

"कुठे नाही. हिला परत कधी काही हवंसं वाटेल का, एवढंच विचारा."

चपलांकडे निघालेली माणसं मागे फिरली. गुरवाने सासूबाईंकडे पाहिलं. त्या खाली बघत होत्या. मग त्याने निमूटपणे दोन पाकळ्या भिजवल्या, चिकटवल्या, आणि ह्या वेळी गाऱ्हाणं हळू आवाजात घातलं. "व्हय म्हाराजा," लोक म्हणाले, तेही हळूच.

पाकळी पडेना. गुरव म्हणाला, "वेळ लागतो. बसा." सगळे बसले. मास्तर हात जोडून उभे राहिले. ज्या माणसाने लग्नातसुद्धा भटजींची थट्टा केली होती, तो दगडाच्या खांद्याकडे टक लावून होता. देवाला आणलेल्या नारळाची पिशवी त्याच्या मनगटाला तशीच अडकवलेली होती.

आणि मला राग आला. सगळ्यात आधी परत आला तो रागच. माझं आतलं सगळं असं पंधरा माणसांपुढे मांडलं गेलं होतं आणि त्याचा निकाल एक ओली पाकळी लावणार होती. ती उजवी पडली असती तरी मला चाललं नसतं. डावी पडली असती आणि ह्यांनी ती पाहिली असती, तर ते मला सहनच झालं नसतं. तिला पडूच द्यायची नाही, एवढंच मला कळत होतं.

"कुफ्री," मी म्हणाले.

ह्यांना ऐकू आलं नाही. मी पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने. "मला कुफ्री बरी वाटते. तिथला उतार लहान आहे. पडलं तरी माणूस फार खाली जात नाही. आणि वर चालत यायचं असलं तर मी चालीन. मला खुर्चीत बसवून नेऊ नका."

सासूबाई चमकून म्हणाल्या, "गो, देवानं आत्ताच नको म्हटलान ना!"

"आई," मास्तर म्हणाले, "देव नको म्हणाला. ही हवं म्हणाली."

त्यांचा आवाज देवळात फार मोठा झाला. ते रडत होते आणि ते सगळ्या वाडीला दिसत होतं. मला रडू आलं नाही. मी देवाकडे न बघता पुढे झाले, त्यांच्या हातातली पिशवी माझ्या हातात घेतली आणि आम्ही बाहेर पडलो.