अहवालातले एक्केचाळिसावे पान

आमच्या कुलपांच्या कारखान्यात सुतळीराव आले ते माझ्या शब्दावर. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू. खरे नाव फक्त हजेरीपटावर. डाव्या मनगटाला कायम सुतळीचे दोन वेढे गुंडाळलेले, म्हणून सगळे त्यांना सुतळीराव म्हणत. बावीस वर्षांपूर्वी मी मालकांना म्हणालो होतो, "माणूस साधा आहे, खोकी नीट बांधेल." पॅकिंग खात्यात त्यांना चिकटवले आणि उपकार केल्याच्या समाधानात घरी गेलो.

कारखान्यात ते मला साहेब म्हणत, घरी दादा. त्यात त्यांनी कधी गल्लत केली नाही. एक खोड मात्र होती. परत आलेले खोके टाकून देण्याआधी ते उलटेपालटे करून बघत बसायचे. कोणत्या कोपऱ्यावर आपटले, कोणी सुतळी कापली, कोणी गाठ सोडली. "गाठ सोडणारा माणूस खोकं पुन्हा वापरणार, दादा. त्याला जरा जाड खोकं द्यावं," असे सांगायचे. मी हसायचो.

मी निर्यात विभागात. गेल्या वर्षी एका अतिशय थंड देशातून आम्हाला पहिली मागणी आली. आंधळेपणाने व्यापार करू नये हे मी वाणिज्य शाखेत शिकलो आहे. चार महिने खपून त्या देशावर अहवाल तयार केला, चौसष्ट पानांचा, अनुक्रमणिकेसह. लोकसंख्या, जकात, सुट्ट्या, पत्राचा मायना, भेटीला किती मिनिटे आधी पोचावे, सगळे होते. अकराव्या पानावर हिवाळ्यातले तापमान दशांश चिन्हासकट होते. पुढची बोलणी करायला मालक स्वतः जाणार होते आणि बरोबर एक माणूस नेणार होते. तो माणूस मीच, हे मी धरून चाललो होतो. तीस वर्षे परदेशांशी पत्रव्यवहार केला, पासपोर्ट दोनदा नवा करून घेतला, पण आत एकही शिक्का नाही. निवृत्तीला दहा महिने उरले होते. जाड लोकरी कोट तर केव्हाचा घेऊन ठेवला होता.

दुसऱ्या मागणीऐवजी परत पाठवलेल्या कुलपांची तीन खोकी आली. 'वापरास गैरसोयीची' एवढाच शेरा. मी तपासले. कुलपे ठणठणीत होती, किल्ल्या लागत होत्या. फक्त बऱ्याच किल्ल्यांच्या भोकात कोणी तारेची कडी अडकवली होती, कोणी दोरीचा फास, कोणी चक्क लाकडाचा तुकडा. 'किल्ल्यांना बाहेरचा कचरा' अशी नोंद करून मी पॅकिंग खात्याला चिठ्ठी पाठवली, कचरा काढून माल स्वच्छ करावा.

आठ दिवसांनी मालकांच्या खोलीत मी अहवाल समजावून सांगत होतो, तेवढ्यात सुतळीराव पत्र्याचा डबा घेऊन दारात उभे राहिले.

"काय आणलंत, खाऊ?" मालकांनी विचारले.

"कचरा आणलाय," ते म्हणाले आणि डबा टेबलावर उपडा केला. तारा, दोऱ्या, लाकडाचे तुकडे. दोन-चार किल्ल्या त्यांनी तशाच ठेवल्या होत्या. मग त्यांनी पॅकिंगचे जाड हातमोजे चढवले आणि साध्या किल्लीने कुलूप उघडायला गेले. किल्ली दोनदा बोटांतून निसटली. तारेची कडी लावलेली किल्ली घेतली, कुलूप एका झटक्यात उघडले.

"तिकडं कडाक्याची थंडी. साहेबांनीच लिहिलंय. दाराबाहेर उभं राहून हातमोजा कोण काढेल? आपल्या किल्लीचं डोकं एवढंसं. बिचाऱ्यांनी आपापल्या परीनं मोठं करून घेतलंय."

मालकांनी माझ्याकडे पाहिले. "अहो, तुमच्या चौसष्ट पानांत हे कुठं आहे?"

"अकराव्या पानावर तापमान दिलंय, साहेब."

"तापमान आहे हो. हात कुठं आहे?"

मी अहवाल मिटला. महिन्याभरात मोठ्या डोक्याची किल्ली तयार झाली आणि बरोबर जाणारा माणूसही ठरला. मला काम मिळाले ते चार दिवसांत सुतळीरावांना अहवाल शिकवण्याचे. बीळ मी खणले होते, नागोबा येऊन बसला.

त्याच संध्याकाळी मेव्हणी घरी आली. "भाऊजी, तुमचा तो कोट ह्यांना देता का? नुसता पडूनच असतो ना?"

"ने की," बायको आतूनच म्हणाली. "डांबराच्या गोळ्या खाऊन खाऊन फुगलाय नुसता."

"अगं, पण तो माझा..."

"अहो, तुम्ही कुठं निघालात?"

कोट गेला. त्या रात्री मला जेवण गेले नाही. बायकोने ओवा दिला. पोटात दुखत होते हे खरे, पण ते ओव्याने थांबणारे नव्हते.

सुतळीरावांना अहवालाची प्रत द्यायची होती. तिच्यातले एक्केचाळिसावे पान माझे सगळ्यात लाडके. तिकडचा व्यापारी दर ऐकल्यावर बराच वेळ गप्प बसतो. तो नकार नसतो, तो विचार करत असतो. आपला माणूस घाबरतो आणि तेवढ्यात स्वतःच दर उतरवतो. हे मला तिकडे आयुष्य काढलेल्या एका वृद्ध दलालाने सांगितले होते, कुठल्या पुस्तकात मिळाले नव्हते. ते पान मी प्रतीतून काढले, घडी घालून माझ्या खणात ठेवले आणि टाचण्या पुन्हा नीट मारल्या. ज्या मालकांचे मीठ तीस वर्षे खाल्ले त्यांचेच नुकसान होईल, हे मला कळत होते. तरी मनात एकच होते, आपटू देत एकदा.

बारा दिवसांनी दोघे परतले ते तिप्पट मागणी घेऊन, पुऱ्या दराने. मालक कचेरीच्या मधोमध उभे राहून सांगत होते, "दर सांगितला आणि समोरचे तिघंही गप्प! मला घाम फुटला. म्हटलं थोडं कमी करून टाकावं. तोंड उघडणार तोच ह्यांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला. मालकाच्या पायावर! शेवटी त्यांच्यातल्या म्हाताऱ्यानं मान हलवली." सगळे हसले. मीही हसलो, जरा जास्तच मोठ्याने.

संध्याकाळी सुतळीराव कोट परत द्यायला आले. कागदात गुंडाळून, वर सुतळी बांधून. बायको चहा ठेवायला आत गेली तसे मी विचारले, "पाय द्यायचं कसं सुचलं तुम्हाला?"

"तुमच्याच अहवालात होतं की."

"त्यात ते पान..." मी जीभ चावली.

"पान नव्हतं, दादा. अनुक्रमणिका होती. 'एक्केचाळीस: दर सांगितल्यावरची शांतता.' कोऱ्या पानालाही नंबर घालणारे तुम्ही. तुमच्या हातून पान गळेल होय? म्हटलं, इतकं जपून ठेवलंय म्हणजे खरा माल त्यातच. ते गप्प, तर आपणही गप्प, एवढाच अंदाज केला."

मी स्वयंपाकघराकडे पाहून आवाज खाली आणला. "मालकांना सांगितलंत?"

"त्यांना कशाला? ते कुठं अनुक्रमणिका वाचतात?"

बायको चहा घेऊन आली. "काय कुजबुज चाललीय साडूसाडूंची?"

"काही नाही, ताई. दादांचं एक पान लावायचं राहिलंय. पुढच्या माणसाला लागेल ते," असे म्हणून त्यांनी बशीत चहा ओतला.

माझे चौसष्ट पानांचे काम मालकांनी चाळले, कारकुनांनी फायलीत लावले. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले ते एकट्या सुतळीरावांनी. परदेश पाहून आले ते तेच, आणि माझी लाज झाकली तीही त्यांनीच. हेवा करायचा तरी किती गोष्टींचा!

दुसऱ्या दिवशी मी पान जागेवर लावले. कोटाचा गठ्ठा मात्र अजून कपाटात तसाच आहे. गाठ सोडावी तर बोटे वळत नाहीत, आणि कात्री लावायला मन होत नाही, इतकी नीट मारली आहे.