बोट रेस घेईना

आमच्या बचत गटानं तलावात बोट घातली, तेव्हा गावातले निम्मे लोक म्हणाले, या बायांनी म्हशी घ्यायच्या सोडून हे काय खूळ डोक्यात घेतलं. उरलेले निम्मे पहिल्याच रविवारी लेकराबाळांसह बोटीत बसायला आले.

बोट म्हणजे खरं तर तराफाच. खाली लोखंडी पत्र्याची दोन लांब बंद पिंपं, त्यांच्यावर फळ्या, फळ्यांवर बाकडी, वर ताडपत्रीचं छत आणि मागं टांगलेलं पेट्रोलचं इंजिन. चालवायला माझ्या थोरल्या जाऊबाई. त्यांना मी अक्का म्हणते. त्यांचं माहेर कर्नाटकाच्या शिवेवरचं, कन्नड आणि मराठी दोन्ही सारखीच येते. लग्नाआधीपासून ट्रॅक्टर चालवायच्या, त्यामुळं बोटीचं शिक्षण घ्यायला गटानं त्यांनाच पाठवलं. मी शिवणकाम करणारी. माझ्याकडं लोकांना जॅकेट घालायचं, पट्टे आवळायचं काम होतं. फुरसतीला अक्का मलाही चाक धरायला शिकवायच्या.

संक्रांत होऊन गेली होती. हुरड्याचे दिवस, त्यामुळं माणसांची ये-जा बरी होती. एका बुधवारी तुळजापूरला दर्शन करून परत निघालेलं एक कन्नड कुटुंब जळकोटजवळ हायवे सोडून आमच्याकडं आलं. आजी, मुलगा, सून, दोन नातवंडं. अक्कांनी बोट काढली, रेस दिली, पण बोट काही पुढं झेपावेना. इंजिनाचा आवाज जाड झाला होता. एरवी पाच हजारावर जाणारा रेसचा काटा साडेतीनवर येऊन थांबला. एक फेरी व्हायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. उतरताना आजी हसत काहीतरी बोलल्या. अक्का पण हसल्या, पण त्यांचा चेहरा पडला होता.

"काय म्हणाल्या हो?" मी विचारलं.

"म्हणाल्या, यत्तिन गाडी बरी. बैलगाडी यापरीस जोरात जाती."

त्या रविवारी कळंबहून बायकांचा एक मोठा गट येणार होता. शाळेत एकत्र शिकलेल्या, आता पन्नाशीत आलेल्या मैत्रिणी. त्यांनी पंधरा दिवस आधी फोन करून फेरी ठरवली होती. बैलगाडीपेक्षा हळू बोट घेऊन त्यांच्यापुढं कसं उभं राहायचं, याची अक्कांना काळजी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही मेस्तरींना बोलावलं. साठीचे गृहस्थ. आयुष्य विहिरीवरच्या पंपांत गेलेलं. बोटीचं इंजिन त्यांनी आजवर दोनदाच उघडलं होतं, पण मशीनसमोर बसले की ते घाई करत नसत. आधी त्यांनी चहा प्यायला, मग प्लग काढून बघितले. प्लग काळे होते. घासून परत बसवले. पेट्रोलचा फिल्टर उघडला, त्यात थोडा कचरा निघाला, तो साफ केला. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक मोकळं आहे का, तेही फुंकून पाहिलं. मग अक्कांना म्हणाले, "द्या रेस."

बोट दोर बांधून काठालाच होती. गिअर न टाकता रेस दिली, तर इंजिन छान बोललं.

"बघा, जागेवर कसं मोकळं फिरतंय," मेस्तरी खूश झाले. "झालं काम."

आम्ही तिघं तलावात गेलो. गिअर पडला आणि पुन्हा तेच. जाड आवाज, काटा साडेतीनच्या जरासा वर. मेस्तरींनी कान देऊन आवाज ऐकला. मग म्हणाले, "वहिनी, हे इंजिनाचं दुखणं न्हाय दिसत. इंजिन मोकळं असलं की पळतंय, वजन आलं की दमतंय. कुठंतरी कायतरी अडकवून धरतंय."

शुक्रवारी त्यांनी इंजिन वर उचलून पाण्यातला पंखा बघितला. त्याच्या बुडाशी कोळ्यांच्या जाळ्याचा नायलॉनचा दोरा गच्च गुंडाळला होता. शेवाळ त्यावर चिकटून त्याचा गोळाच झालेला. मेस्तरींनी ब्लेडनं कापून कापून तो काढला. दोरा जवळजवळ हातभर निघाला. आता मात्र नक्की झालं, असं आम्हा तिघांनाही वाटलं. अक्कांनी तर घरून येताना बांधून आणलेली शेंगाची पोळीही सोडून वाटली.

चालवून पाहिलं. काटा चारावर गेला. तिथंच राहिला.

आता उरला शनिवार. अक्कांनी ट्रॅक्टर आणला, मागं दोर बांधला आणि बोट काठावर ओढून घ्यायचं ठरलं. मेस्तरींना आता बोटीच्या बुडाखाली काही अडकलंय का ते बघायचं होतं. ट्रॅक्टर गुरगुरत निघाला आणि बोट चिखलातून सरकत वर आली. मी मागं उभी होते. उजव्या पिंपाची चाकोरी उथळ उमटली होती आणि डाव्याची वीतभर खोल. मी अक्कांना हाक मारली.

त्या ट्रॅक्टरवरून उतरल्या, चाकोरी बघितली आणि उजव्या पिंपावर बोटाच्या गाठीनं टकटक केलं. ठणठण वाजलं. मग डाव्यावर केलं. वरच्या बाजूला ठणठण आणि निम्म्याच्या खाली बद्द.

"पाणी हाय यात," अक्का म्हणाल्या. "निम्म्याला कमी न्हाय. जराशी डावीकडं कलत होती, पण म्या ते वाऱ्यावर ढकललं."

मेस्तरींनी मान वर केली. "तुमाला कसं कळलं?"

"टँकरच्या सालात रोज हेच तर करत होतो. दारातलं पिंप वाजवायचं आन् किती दिवस पुरंल ते सांगायचं."

त्यांचं खरं होतं. त्या उन्हाळ्यांत आमच्या आळीतल्या प्रत्येक बाईला हा हिशेब यायचा. झाकण काढायचीसुद्धा गरज पडायची नाही. मलाही येत होता, फक्त बोटीच्या पिंपावर वाजवून बघायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मेस्तरींनी मागच्या बाजूचं बूच पान्यानं सैल केलं. पाण्याची जाड धार सुटली. पाऊण तास ती वाहत होती. मेस्तरी तिच्याकडं बघत बसले आणि म्हणाले, "दोन दिवस म्या इंजिनाला उगं शिव्या दिल्या. बिचारं एवढं पाणी वढत होतं."

आता भोक शोधायचं होतं. मेस्तरींनी पंक्चरवाल्याकडून हवेचा पंप आणला, बुचाच्या जागी नळी बसवून पिंपात थोडी हवा भरली. मी बादलीत साबणाचा फेस केला आणि दोघी जावा सगळ्या पत्र्याला हातानं फेस लावत गेलो. पुढच्या बाजूला, पोटाखाली, वेल्डिंगच्या एका सांध्यापाशी फेसाचा बुडबुडा फुगला. फुटला. परत फुगला. तिथं पत्र्याला घासल्याचा लांब ओरखडा होता.

मी त्यावरचा फेस पुसून ओरखडा नीट बघितला. तो कुणी पाडला ते मला ठाऊक होतं.

पंधरा-वीस दिवसांपूर्वी एका दुपारी अक्का तालुक्याला गेल्या असताना मी एकटीनं बोट काढली होती. कुणी बघत नसताना सराव करावा म्हणून. तलावाच्या पूर्वेला एक जुनी विहीर पाण्याखाली गेलेली आहे. पाणी उतरलं की तिचा दगडी कठडा वर यायला लागतो. मी वळण चुकले आणि खालून खर्र असा आवाज आला. बोट अडकली नाही, डुलली नाही, म्हणून मी तशीच काठाला आणून बांधली आणि कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी स्वतःलाच समजावलं की काही झालं नसणार.

मेस्तरी म्हणत होते, "कुठंतरी दगडाला लागली असंल. वहिनी, तुमाला आठवतंय का?"

अक्का आठवायला लागल्या. स्वतःच्याच चुका शोधायला लागल्या. तेव्हा मला राहवेना.

"अक्का, तुमच्या हातून न्हाय. माझ्या हातून झालंय," मी म्हणाले आणि सगळं सांगितलं. कधी, कुठं, कसा आवाज आला ते.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. हाताला कोपरापर्यंत फेस. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. सासूबाईंनंतर घरात त्यांचाच शब्द चालतो.

"तवाच सांगितलं असतंस तर तीन दिवस वाचले असते," त्या म्हणाल्या.

"भ्याले."

"मला?"

मी मान डोलावली. त्यांनी हातावरचा फेस निपटून टाकला. मग म्हणाल्या, "लग्नाच्या पयल्या वर्षी म्या ट्रॅक्टर गोठ्याच्या भिंतीत घातला होता. सासऱ्यांना सांगितलं, म्हैस धडकली." आणि त्या हसायला लागल्या. मेस्तरीही हसले. म्हशीनं एवढी भिंत कशी पाडली, याचं सासऱ्यांना शेवटपर्यंत नवल वाटत होतं म्हणे.

गेट आणि ट्रॉल्या बनवणारा वेल्डर दुपारी येऊन सांधा भरून गेला. पुन्हा फेस लावून पाहिला, एकही बुडबुडा आला नाही. दिवस मावळायच्या आत बोट पाण्यात होती आणि दोन्ही पिंपं एका रेषेत तरंगत होती.

रविवारी कळंबच्या बायका आल्या. उतरल्यापासून त्यांचं हसणं थांबत नव्हतं. मी एकेकीला जॅकेट चढवत होते, तेवढ्यात अक्का म्हणाल्या, "ते माझ्याकडं दे. चाकावर तू बस."

"मी?"

"विहीर कुठं हाय, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक न्हाय."

त्या माझ्या शेजारीच बसल्या, पण चाकाला हात लावला नाही. मी विहिरीला लांबून वळसा घातला आणि मोकळ्या पाण्यात आल्यावर रेस दिली. बोटीनं नाक उचललं, काटा चार ओलांडून पाचापर्यंत गेला आणि मागं पांढरं पाणी उसळलं. बायकांच्या पदरांत वारा शिरला.

पुढच्या बाकावरची एक बाई मागं वळून कौतुकानं म्हणाली, "किती सफाईदार चालवता तुम्ही. किती वर्षं झाली?"

"आजच सुरुवात केली," मी म्हणाले.

तिनं दोन्ही हातांनी बाकडं घट्ट धरलं. शेजारच्या मैत्रिणींना ते ऐकू गेलं आणि साऱ्या जणी तिला हसायला लागल्या. फेरी संपली, तेव्हा उतरायला कुणीच तयार नव्हतं. त्यांनी आणखी एक फेरी मागितली. अक्का म्हणाल्या, "घे एक." मी बोट वळवली.