डब्यानं न पुसलेला आवाज

१२ जानेवारीची गोष्ट. डोंगरावरच्या सेन्सरच्या बॅटऱ्या बदलायचं काम होतं. आधीच सांगते — मी इंजिनियर आहे, बाहेरचं-बिहेरचं काही मानत नाही. आजही नाही.

वज्रेश्वरीच्या अलीकडे एका पाड्यामागं झाडांना आमचे हे आवाज टिपणारे सेन्सरचे डबे बांधलेत. बिबट्याचा आवाज आला की पाड्यात भोंगा वाजतो. माणसाचा आवाज मात्र डबा तिथल्या तिथे पुसून टाकतो. लोकांचं खाजगी बोलणं आम्हाला नको, म्हणून तो नियम मीच घातला.

पाड्यातल्या जानकीचा नवरा, किसन, पावसाळ्यात याच डोंगरावर लाकडाला गेला तो परत आलाच नाही. सासरचे म्हणतात, दिवसकार्य उरकून टाक. ती ऐकत नाही. मी दिसले की विचारते, "म्याडम, डब्यात बोलला का काय त्यो?"

"माणसाचं त्यात काही राहत नाही गं."

दुपारी भिवंडीला ऑफिसात येऊन डब्यातलं मेमरी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. खालच्या मजल्यावर कापडाचे लूम चालू, म्हणून हेडफोन घातला. 'अनोळखी प्राणी' या फोल्डरमध्ये आदल्या दिवशीची एक क्लिप होती. पुरुषाचा आवाज. दमलेला, पण स्पष्ट...

"जानके, पोरीला वर धाडू नको."

सिस्टीमचा शेरा — माणूस: शून्य टक्के.

बग असणार. मी आणि माझा असिस्टंट इम्रान टेबलावरच्या दुसऱ्या डब्यासमोर बोललो, कुजबुजलो, ओरडलो. सगळं पुसलं गेलं.

"मॅडम, पहली बार किसी ने आपको चुप कराया," इम्रान हसला. मग त्यानं क्लिप ऐकली, आणि त्याचं हसू गेलं. कुणी गंमत केली असती, तर तीही पुसली गेली असती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाड्यावर गेले. जानकीची पोर दोरी घेऊन लाकडाला निघालीच होती. तिला थांबवलं आणि जानकीच्या कानाला हेडफोन लावला. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"त्योच हाय! जिता हाय ना मंग?"

खोटं बोलता आलं असतं.

"मशीन म्हणतंय, हा माणसाचा आवाज नाही."

तिनं हेडफोन माझ्या हातात दिला. पोरीकडची दोरी काढून घेतली. "वर जायचा न्हाय," एवढंच म्हणाली, आणि आत जाऊन बांगड्या उतरवायला लागली.

वनखात्याच्या गार्डला घेऊन मी डोंगर चढले. डब्याच्या आसपास काहीही नव्हतं. कोड नंतर चार जणांना दाखवला — चूक कुणालाच सापडली नाही, मलाही नाही.

त्या सकाळी गार्ड पुढे गेल्यावर मी झाडापाशी थांबले, आणि मोठ्यानं म्हणाले, "किसन, तिला सांगितलंय."