पवारबाईंची एक जून

हजेरीला नुसतं 'हजर बाई' म्हटलेलं पवारबाईंना कधी चाललं नाही. मान वर करून पोराचं तोंड बघायच्या, मगच खूण करायच्या. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या शाळेत मी नवा मास्तर म्हणून गेलो, तेव्हा या मुख्याध्यापिकाबाईंनी माझी मार्कलिस्ट चक्क उजेडात धरून बघितली. "वाईट वाटून घेऊ नका, सर. माझा माझ्या सावलीवर बी इश्वास न्हाय." आजारपणाची चिठ्ठी आणणाऱ्या पोराच्या कपाळाला त्या स्वतः हात लावत.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं, सागरनं, भांडणात कॉलेजच्या एका पोराला चाकूनं भोसकलं. पोरगा गेला. पेठ नुसती पेटली. स्टाफरूममध्ये सगळ्यांत मोठा आवाज बाईंचा. "मोठ्यावानी मारतंय न्हवं? मग मोठ्यांच्याच कोर्टात हुबं करा!" मलाही ते पटलं होतं, खोटं कशाला सांगू? सोळा पूर्ण असतील तरच तसं होऊ शकतं, म्हणून पोलीस जन्मतारखेचा उतारा न्यायला आले. रजिस्टरात एक जून. म्हणजे गुन्ह्याच्या दिवशी सोळा वर्षं, दोन महिने.

दुसऱ्या दिवशी सागरची आई आली. "बाई, त्यो दिवाळीच्या पाडव्याचा. सोळा भराय अजून तीन म्हैनं हुतं."

"आई हाईस. तू म्हणणारच."

"मी तवा बी ह्येच सांगितलं हुतं. कागद कुठाय म्हणालासा, न्हाय म्हटल्यावर तुम्हीच एक जून घातलासा की!"

मला तर तिचं रडणंही वकिलानं पढवल्यासारखं वाटलं. बाईंनी रजिस्टर ओढलं. कागद नसलेल्या पोराला एक जून घालून मोकळं व्हायचं, ही रीत कुठल्या शाळेत नव्हती? वय पुरतं, पोरगं वर्गात बसतं. बाईंची स्वतःची तारीखही कुणा गुरुजींनी घातलेली एक जूनच. त्या एका पानावर सात एक जून होत्या, आणि अक्षर सगळं बाईंचं.

आई गेल्यावर त्या म्हणाल्या, "ती खरं बोलती का, मला ठाव न्हाय. पण ही तारीख मी मनानं घातली, ह्ये ठाव हाय."

"अहो बाई, खून केलाय त्यानं!" मी चिडलोच.

"व्हय, केलाय. म्हणून म्या खोटी साक्ष देऊ?"

बाल न्याय मंडळापुढं त्यांनी तेच सांगितलं. सागरचा जन्म आजऱ्याकडं आजोळी, घरीच झालेला. ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. हाडांच्या तपासणीत वय पंधरा ते सतरा आलं. शेवटी शंकेचा फायदा त्याला मिळाला आणि खटला मोठ्यांच्या कोर्टात गेला नाही.

त्या आठवड्यात मेलेल्या पोराची आई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली. ओरडली नाही की रडली नाही. "बाई, माझ्या पोराच्या मरणाची तारीख बी बदला की," एवढंच म्हणाली. प्रत्येकाचं तोंड बघणाऱ्या बाईंना तिच्या तोंडाकडं बघवलं नाही. मला त्यांची फार दया आली, आणि रागही तेवढाच आला.

पुढच्या एकतीस मेला त्या निवृत्त झाल्या. गेल्या महिन्यात गेल्या. श्रद्धांजलीचा फलक करायला त्यांच्या भाच्यानं फोन केला. "सर, मावशीची जन्मतारीख एक जूनच न्हवं?"

हो म्हणायला तोंड उघडलं होतं.

"ती नको," मी म्हणालो. "मरणाची तेवढी घाल. तीच खात्रीची हाय."