मामाचा ठिपका

गॅरेजच्या पाटीवरचं नाव कधीच उडून गेलं होतं. पण कुणालाही विचारा, ठिपकेवाल्याकडे जा म्हणून सांगायचा. तीस वर्षं त्याची एकच खोड. टॉर्क पाना लावायचा, बोल्ट आवळायचा, पुरेसा आवळला गेल्याचा पान्याचा 'कट' आवाज आला की लगेच बारीक ब्रशनं त्या बोल्टवर पांढरा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला म्हणजे काम झालं. नाही दिसला तर गाडी शटरबाहेर पडायची नाही, मग गिऱ्हाईक कितीही आदळआपट करो. माणूस खाष्टच. कुणी चेष्टा केली की म्हणायचा, "हसा लेको. तुमची बायकापोरं माझ्या ठिपक्याच्या भरवशावर गाडीत झोपतात." ते खोटं नव्हतं.

त्या दिवशी सकाळी भाचा आला, धाकट्या बहिणीचा एकुलता एक. लाल स्पोर्ट्स कार, सेकंडहँड, पण नवरीसारखी नटवलेली. सोबत दोन जड खोकी. "मामा, ब्रेकच्या नवीन डिस्क. दोन तुकड्यांच्या. दुपारी मित्रांना डोंगरापलीकडे भेटायचंय."

मामानं नाक मुरडलं, पण एक डिस्क हातात घेऊन निरखून पाहिली. माल देखणा होता. मधे ॲल्युमिनियमची हलकी टोपी, बाहेर लोखंडी कडं, आणि दोन्ही धरून ठेवायला दहा बोल्ट. गाडी थांबते ती त्या दहा बोल्टांच्या जिवावर.

डाव्या चाकाचं काम झकास झालं. दहा 'कट', दहा ठिपके. उजवीकडचं खोकं उघडलं आणि बोल्ट नुसत्या बोटांनी बसवून घेतले. हे काम तो चष्मा कपाळावर सारून, चाचपत करायचा, डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा जास्त. आता पाना लावणार, तोच बहिणीचा फोन आला, तो घ्यायला बाहेर गेला.

"दादा, ब्रेक नीट बसव हं. मला आज सकाळपासून कसंतरीच होतंय."

"तुला रोजच कसंतरी होतं."

"थट्टा नको. तो माझं ऐकत नाही, तुझं तरी ऐकतो."

ती बोलत राहिली, हा समजूत काढत राहिला. चांगली वीस मिनिटं गेली. आत येऊन त्यानं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि वाकून पाहिलं. दहाच्या दहा बोल्टांवर पांढरा ठिपका. चला, हे आधीच उरकलं होतं तर, वय झालं आता, असं म्हणत त्यानं चाक चढवलं. भाच्यानं हॉर्न वाजवला आणि गाडी वळणाआड गेली.

खोकी आवरताना उजव्या खोक्याच्या तळाशी एक जादा बोल्ट सापडला. मामानं तो उजेडात धरला.

त्याच्यावर पांढरा ठिपका होता.

कुणीही न आवळलेला, खोक्यातून बाहेरसुद्धा न आलेला बोल्ट. त्यानं ब्रश पाहिला, तो कडक वाळलेला. म्हणजे उजवीकडे त्यानं पाना लावलाच नव्हता. या एका खोक्यातल्या बोल्टांवर ते ठिपके कारखान्यातल्या कुणीतरी आपल्या कसल्यातरी मोजणीसाठी दिले होते, आणि जन्मभर दुसऱ्याच्या कामाला नावं ठेवणाऱ्या या माणसानं ते स्वतःचे म्हणून मान्य केले होते.

फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. गाडी चालवताना फोनला हात लावायचा नाही, हे पोराला शिकवलं कुणी? यानंच, दोनदा कान पिळून.

मग जुनी व्हॅन काढली आणि डोंगराचा रस्ता धरला. चढ संपतो तिथं, उताराच्या तोंडाशी, चहाचं दुकान होतं. मामानं खाली न उतरताच विचारलं, "लाल गाडी पाहिलीत?"

"आत्ता गेली की," दुकानदार कप विसळत म्हणाला. "पोरगं बराच वेळ उजव्या चाकाशी बसलं होतं. म्हणालं, टकटक आवाज येतोय. मी म्हटलं, मग जाऊ नको पुढं, मेकॅनिक बोलाव. तर त्यानं चाकाच्या आऱ्यांमधून टॉर्च मारला आणि हसला. म्हणाला, काही नाही काका, मामाचा ठिपका आहे. अन् गेला."

मामानं गिअर टाकला. पहिल्या वळणावर काही नव्हतं. दुसऱ्यावरही नव्हतं. तिसऱ्या वळणावर रस्त्याला लांब काळा ओरखडा होता आणि त्याच्या टोकाला लाल गाडी डोंगराच्या कातळात नाक खुपसून उभी होती. भाचा दाराला टेकून खाली बसला होता. जिवंत होता. उजवा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळला होता, आणि चेहरा पांढराफटक.

मामा त्याच्याजवळ मातीत बसला. त्याला कुठं धरावं कळत नव्हतं.

"मामा," पोरगं हळूच म्हणालं, "मी बघितलं होतं रे. तुझा ठिपका होता. मग असं कसं झालं?"

"तो माझा नव्हता, बाळा."

पोराला काही उमगलं नाही. व्हॅनमध्ये मामाचा फोन वाजायला लागला. तो बहिणीचाच असणार, हे त्याला न बघताच माहीत होतं.