दंडाचा पट्टा अन् पोरीची सोयरीक

हसाचं नाही, आधीच सांगतो. पोरीच्या सोयरीकीत मी असा घोळ घातला का अजूनही चारचौघांत तोंड लपवतो!

यवतमाळच्या एका दवाखान्यात बीपीच्या नव्या गोळीवर संशोधन चालू होतं. मी हौसेनं नाव दिलं. दिवसभर शर्टाच्या आत दंडाले पट्टा, कमरेले मशीनची डबी. पट्टा आपोआप फुगते, नाही तं डबीचं बटण दाबलं का फुगते. फुगला का बोलाचं नाही, हात हलवाचा नाही. हलवला तर मोजमाप बाद, पट्टा परत फुगते.

अन् नेमके त्याच दिवशी आमच्या पल्लवीले पाहाले महागावचे पाहुणे! पल्लवी शाळेत शिकवते. "बाबा, मी नोकरी सोडणार नाही. पण तुम्ही भांडू नका," तिनं सकाळपासून बजावलं होतं. मी काय भांडतो? बरं, थोडंसं भांडतो.

चहा झाला. पोराचे वडील म्हणाले, "लग्नानंतर पोरीनं नोकरी सोडली तं बरं होईन. काय म्हणता?"

माह्या डोक्यात सणक गेली! तोंड उघडलं, अन् पट्टा फुगला. झालं! डोळे वटारलेले, तोंड अर्धं उघडं, शब्द नाही.

पाहुणे चपापले. "म्हणजे... लगेच नाही सोडली तरी चालते."

रागानं मी हात उचलला. पट्टा परत फुगला.

"बरं बाप्पा, करू द्या नोकरी! पण असे पाहू नका!"

पट्टा सैल झाला. आता गप्प बसाचं का नाही? पण मले राहवते थोडंच!

"अहो भाऊ, मी रागावलो नव्हतो, हे तं मशीन आहे!" बाही वर करून सगळं समजावून सांगितलं. मोठ्या कौतुकानं!

पाहुणे सावरून बसले. "असं होय! मंग नोकरीचं काय म्हणता?"

आत बायकोनं कपाळावर हात मारला. त्याचा आवाज मले बाहेर ऐकू आला, आईशप्पथ.

"तुम्ही कोण हो सांगणारे..." मी सुरू झालो.

पल्लवी उठली, सरळ माह्यापाशी आली अन् डबीचं बटण दाबलं. पट्टा फुगला, मी गपगार!

"काका, नोकरी मी सोडणार नाही," ती शांतपणे म्हणाली.

पोराचे वडील पोराकडे पाहाले लागले. मंग पोरगा पहिल्यांदा हसला. "बाबा, मले पोरगी पसंत आहे."

अन् पल्लवीकडे वळून हळूच म्हणते कसा, "ते बटण कुठं आहे, मलेही दाखवून ठेवा."