सोसायटीच्या लॉनवर तंबूची रंगीत तालीम

मंडळी, आज सकाळी नोएडात आमच्या सोसायटीच्या लॉनवर मी तंबू ठोकला. पुढच्या आठवड्यात समुद्राकाठच्या जंगलात, नॅशनल पार्कात राहायला जातोय. तिथे फजिती नको म्हणून आधीच तालीम.

गार्ड धावत आला. "सर, फंक्शन के लिए पहले परमिशन लेनी पड़ती है." बायको आणि लेक हसत सुटल्या.

आई बाकावर बसून बघत होती. गुडघे दुखतात, जंगलात चालणार कशी, म्हणून तिला ट्रिपमध्ये धरलंच नव्हतं. शेजारच्या भाभींकडे तिच्या जेवणाची सोयही केली होती. सगळं तिला न विचारताच.

तंबू उभा राहिला तशी ती उठली, चपला काढल्या, वाकून आत गेली आणि चक्क आडवी झाली. बराच वेळ बाहेर येईना.

मी म्हटलं, "आई, चलो, आवरायचंय."

आतून म्हणाली, "तिथे तंबूत लाटांचा आवाज येईल ना रे?"

"येईल की."

"मग तुम्ही हवं तेवढं चाला. मी तंबूतच थांबेन."

चौथं तिकीट आत्ताच काढलं. गुडघेदुखीवाल्यांसाठी तंबूत खाली काय अंथरावं, कुणी सांगाल का? खुर्ची नको म्हणते. तिला आडवं पडूनच ऐकायचंय.